अडेनियम: वाळवंटातलं झुडूप आणि कोल्हापूरचा पावसाळा

मुरमाड
९ मे, रात्री ९:१०

वळीव सुरू झाला की इथे दरवर्षी तोच प्रश्न येतो: अडेनियम आत घ्यायचं की बाहेरच ठेवायचं? "वाळवंटी झाड आहे, पाणी कमी द्या" एवढं ऐकून लोक भर एप्रिलात आठवड्याला पेलाभर पाणी घालतात आणि झाड सुकवतात. मग तेच झाड जुलैत पावसात सोडून कुजवतात. दोन्हीचं मूळ एकाच अर्धवट माहितीत आहे, म्हणून झाड मुळात कुठलं तिथून सुरुवात करतो.

मूळ प्रजाती अडेनियम ओबेसम. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण काठाने सेनेगलपासून सुदानपर्यंत जाणारा कोरडा पट्टा, पुढे इथिओपिया, सोमालिया, केनिया, टांझानिया, आणि तांबड्या समुद्रापलीकडे येमेन, ओमान व सौदीचा नैऋत्य कोपरा, एवढा तिचा मुलुख. शास्त्रीय नोंद झाली ती येमेनातल्या झाडांवरून. पेर फोर्स्कोल हा स्वीडिश अभ्यासक डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर तिकडे गेला होता. १७६३ मध्ये तो येमेनातच वारला. त्याचं लेखन कार्स्टन नीबूरने १७७५ मध्ये छापून आणलं, त्यात हे झाड कण्हेरीच्या वंशात घातलेलं होतं. अडेनियम हा वेगळा वंश १८१९ मध्ये रोमर आणि शुल्टेस यांनी केला. तरी कण्हेरीशी नातं जवळचंच. कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली, बिट्टी सगळी एकाच कुळातली.

वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या आठवतात. हे झुडूप बहुतेक करून खडकाळ उतारावर, दगडाच्या फटीत, मुरमाड माळावर किंवा बाभळीच्या विरळ काटवनात सापडतं, समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत. उंची एक ते तीन मीटर. तिकडे पाऊस पडतो तो उन्हाळी दिवसांत, जोराचा आणि थोडा वेळ. पाणी फटींतून खाली निघून जातं, दोन-तीन दिवसांत ऊन माती वाळवून टाकतं. तेवढ्या अवधीत मुळं पाणी ओढून बुंध्यात साठवतात. पुढे कित्येक महिने कोरडे गेले तर पानं गाळून झाड गप्प बसतं.

आता हे आपल्या हवामानाशी लावून बघा. एप्रिल-मेचा वळीव जवळजवळ तसाच आहे: तापलेली जमीन, तासाभराची जोरदार सर, दुसऱ्या दिवशी कडक ऊन. त्या पावसात अडेनियम बिनधास्त भिजू द्या, पानं दुपटीने येतात. आषाढातली संततधार मात्र त्याच्या मुलुखात नाही. आठ-आठ दिवस सूर्य नाही, पारा २२ ते २६ अंशांत, हवेत दमटपणा नव्वदीला. कुंडी वाळतच नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, बारीक मुळं मरतात, मेलेल्या मुळांतून बुरशी बुंध्यात शिरते.

कोल्हापूर शहराचा वार्षिक पाऊस साधारण हजार मिलिमीटर, त्यातला तिसरा हिस्सा एकट्या जुलैचा. गगनबावड्याला पाच हजारांच्या वर, शिरोळकडे शहराच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे राधानगरी आणि जयसिंगपूर यांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही.

शहरापुरतं बोलायचं तर: मार्च ते मे, दहा इंची कुंडी, पूर्ण ऊन, भरड माती असेल तर एक दिवसाआड पाणी, तळातून वाहीपर्यंत. ३८ अंशांच्या दिवसांत रोज दिलं तरी चालतं. मृगाच्या पहिल्या सरी बाहेरच घेऊ द्या. झड लागली की छपराखाली, आणि बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, तेही नेहमीच्या निम्मं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १४-१५ अंशांवर येतं तेव्हा पानं पिवळी होऊन गळतील. गळू द्या. त्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी. आणि कुंडीखालची ताटली बारा महिने नको.


गच्चीतली_बाग
९ मे, रात्री १०:०२

दोन शंका. वळवात गारा पडल्या तर? आणि पाणी, ऊन व्यवस्थित असूनही कोवळी पानं पिवळी का येतात? खालची जुनी पानं हिरवीच आहेत.


मुरमाड
९ मे, रात्री १०:३५

गारांनी पानं फाटली तर काही बिघडत नाही. साल फुटली असेल तर जखम कोरडी होऊ द्या आणि त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. गारांनंतर लगेच दोन दिवस पाऊस असेल तर झाड आत घ्या.

जुनी हिरवी आणि नवी पिवळी, त्यातही शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर ती लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) वर चढतो, लोह असूनही मुळाला घेता येत नाही. चिलेटेड लोह एक लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. मातीतून द्यायचं तर चिलेटमधलं ईडीडीएचए प्रकारचं घ्या, ईडीटीए त्या सामूत टिकत नाही. सिमेंटच्या नव्या कुंडीतही हाच त्रास होतो. नवी कुंडी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवून, दोन-तीनदा पाणी बदलून मग वापरावी.


पन्हाळी_वारा
१० मे, सकाळी ७:२०

धागा चांगला आहे, पण एक हरकत. अडेनियमच्या सगळ्या मुलुखात पाऊस उन्हाळी आणि जोराचाच असतो असं नाही. ओमानच्या दक्षिणेला धोफारच्या डोंगरउतारांवर हेच झाड आहे. तिथे जून ते सप्टेंबर 'खरीफ' असतो: जो नैऋत्य मोसमी वारा आपल्याकडे येतो तोच तिकडे धुकं आणि भुरभुर घेऊन येतो, ढग हटत नाहीत, पारा पंचविशीच्या आसपास उतरतो. झाड कुजत नाही. मग गारवा आणि ढगांना किती दोष द्यायचा?


मुरमाड
१० मे, सकाळी ९:०५

हरकत रास्त आहे, आणि आकडे घेतले तर ती आपल्याच उपयोगाची आहे. धोफारमधल्या सलालाह शहराचा वर्षभराचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या जुलैतल्या एका जोरदार आठवड्याएवढा. डोंगरउताराला धुक्याचं ठिबकणारं पाणी मिळून जास्त पडतं, तरी चुनखडीच्या त्या उतारावर ते थांबत नाही. पानं ओली, हवा गार, पण मुळाशी हवा खेळती. एवढ्यावर झाड चार महिने काढतं.


पन्हाळी_वारा
१० मे, सकाळी ९:४०

मग माझं म्हणणं हेच की छपराची चर्चा नंतर, आधी माती. चिकट मातीतलं झाड छपराखालीही कुजतं, कारण दमट हवेत कुंडी वाळायला तीन आठवडे लागतात. भरड मिश्रणातलं झाड चार दिवसांची झड सहज सोसतं.

जाता जाता प्रजातींबद्दल. नर्सरीतल्या रोपाच्या चिठ्ठीवर 'थाय सोको' लिहिलेलं असतं ते थायलंडात निवडून तयार केलेलं रोप. येमेनच्या सोकोत्रा बेटावरचं खरं अडेनियम सोकोट्रानम फार सावकाश वाढतं आणि क्वचितच विकायला येतं. 'अरेबिकम' नावाने मिळतं ते रुंद बसक्या बुंध्याचं, बोन्सायसाठी उत्तम, फुलं लहान. वनस्पतिशास्त्रज्ञांतही एक गट या सगळ्यांना ओबेसमच्या उपप्रजाती मानतो, दुसरा वेगळ्या प्रजाती. दक्षिण आफ्रिकेकडचं मल्टिफ्लोरम कोणी मिळवलंच तर त्याला हिवाळ्यात जबरदस्तीने जागं ठेवू नका. ते पानं गाळून त्याच काळात फुलतं.


तांबडा_दगड
१० मे, दुपारी १:१५

माती निघालीच आहे तर लिहितो. काळी माती या झाडाला एक मूठही नको. ओली झाली की फुगते, वाळली की आवळते आणि बारीक मुळं तोडते. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा तांबड्या चिकण मातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा तसाच नव्या भरड मिश्रणात बसवला तर मधला गोळा ओला आणि भोवती कोरडं अशी गत होते. मुळं पाण्यात धुऊन, सगळी माती काढूनच लावा.

आपल्याकडे सगळ्यात स्वस्त आणि चांगली वस्तू म्हणजे जांभा दगड. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा पट्ट्यात चिऱ्यांचं बांधकाम चालतं तिथे छिललेले तुकडे पडलेले असतात. हातोड्याने फोडा, आधी ८ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा, मग ३ मिलिमीटरच्या चाळणीवर जो राहील तो घ्या. खाली पडलेला भुगा टाकून द्या, मोह नको. तीन पाण्यांतून धुवा, गढूळपणा जाईपर्यंत. जांभा मिळाला नाही तर झामा वीट, म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळपट झालेली. साधी कच्ची वीट वर्षभरात विरघळून पुन्हा माती होते.

प्रमाण: जांभा ४ घमेली, क्रशरची धुतलेली कच (२ ते ४ मिलिमीटर) २, धुऊन पिळलेलं कोकोपीट १, वर्षभर कुजलेलं चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत २. एवढ्याला निंबोळी पेंड अर्धा किलो. राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याकडे खत २ ऐवजी १ आणि जांभा ५. कोकोपीट न धुता घातलं तर त्यातले क्षार पानांच्या कडा करपवतात. कोकोपीटची वीट पाण्यात फुलवल्यावर दोन वेळा पाणी बदलायचं.

परीक्षा सोपी आहे. आठ इंची कुंडी भरा, एक लिटर पाणी एकदम ओता. ओतता ओतता खालून धार लागली पाहिजे आणि वर तळं साचता कामा नये. साचलं तर कच बारीक आहे किंवा खत न चाळता घातलंय.

तळाला खडीचा थर घालायची पद्धत सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात आपण समजतो तसं सहज उतरत नाही. ते सांध्यावर अडून राहतं, आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. भोकं किमान चार, करंगळी जाईल एवढी, आणि कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचललेली.


फुलवेडा
१० मे, दुपारी ३:४०

शिरोलीला फौंड्रीची वापरलेली वाळू ट्रॉलीने फुकट मिळते. एकसारखी, स्वच्छ दिसते. कचऐवजी चालेल का? आणि गुऱ्हाळाची राख?


फौंड्रीवाला
१० मे, संध्याकाळी ६:२५

नको ओ दादा, फुकट आहे म्हणून झाडाच्या मुळावर घालू नका. साच्याची काळी वाळू असते तिच्यात बेंटोनाइट घातलेलं असतं, म्हणजे चिकण मातीच. वाळूचे दाणे एकमेकांना धरून राहावेत म्हणूनच ते घालतात. कुंडीत पाणी पडलं की तेच काम तिथे करणार. वर दगडी कोळशाची पूड मिसळलेली. कोअरची, म्हणजे साच्याच्या आतल्या पोकळीसाठीची, वाळू वेगळी असते, तिच्यात रेझिन आणि हार्डनर, काही ठिकाणी फिनॉलवालं. धुऊन जात नाही. शिवाय दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आत, तुम्हाला पाहिजे दोन ते चार.


तांबडा_दगड
१० मे, संध्याकाळी ७:१०

फौंड्रीवाले, हे लिहिलंत ते फार बरं झालं. ही वाळू बऱ्याच गच्च्यांवर पोचली आहे.

राखेचं: चुलवाणातली राख अगदी बारीक असते, पोकळ्या बुजवते आणि सामू चढवते. वरची लोहाची तक्रार तिथूनच सुरू होते. उसाला, भाजीला थोडी चालते, याला नको. साखर कारखान्याची मळीही (प्रेसमड) तशीच: खत म्हणून उत्तम, पण पाणी धरून ठेवते.


कागल_रोड
११ मे, सकाळी ११:३०

छपराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

शेडनेटने पाऊस अडत नाही, फक्त ऊन कमी होतं. म्हणजे पावसाळ्यात दोन्हीकडून तोटा. पारदर्शक २०० मायक्रॉनचा यूव्ही प्लास्टिक कागद घ्या, पॉलिहाऊसला वापरतात तोच. कुंड्यांपासून उंची किमान पाच-सहा फूट, पश्चिमेकडून पूर्वेकडे नव्हे तर पूर्वेकडून पश्चिमेला उतार, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी झोड बुटक्या बाजूवर बसते. दर फुटाला दीड-दोन इंच उतार नसेल तर कागदावर पाण्याचे फुगे धरतात आणि सांगाडा वाकतो. पश्चिमेची बाजू गुडघ्यापर्यंत झाका, बाकी तिन्ही मोकळ्या. चारी बाजूंनी बंद केलंत की आत वाफ धरते आणि पानांवर काळे ठिपके येतात.

दुहेरी पाकळ्यांच्या जाती छपराखाली सगळ्यात आधी न्या. फुलात पाणी साचतं, कळी उमलायच्या आधीच तपकिरी होऊन गळते. एकेरी फुलाची झाडं त्या मानाने दणकट.

खत: मार्च ते मे १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाशाचे), लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी. कळ्या धरायच्या आधी ०:५२:३४ त्याच प्रमाणात दोनदा. युरिया मुळीच नको, बुंधा पटकन फुगतो पण आतून पोचट राहतो आणि पावसात तोच आधी जातो. मेअखेरीला खत बंद, सप्टेंबरअखेर पुन्हा. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात सुटं मिळतं. उसाचा डोस विचारून घेऊ नका म्हणजे झालं.


गच्चीतली_बाग
११ मे, दुपारी १२:१०

कुंडी बदलायला आता उशीर झाला का? बुंधा वर उचलायचा आहे.


कागल_रोड
११ मे, दुपारी १२:५०

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ सर्वात चांगला. मेच्या मध्यापर्यंत चालेल, नंतर नको, कारण कापलेल्या मुळांना सुकायला आणि नवी फुटायला तीन-चार आठवडे कोरडे मिळाले पाहिजेत.

आधी पाच-सहा दिवस पाणी बंद, म्हणजे मुळं थोडी लवचीक होतात आणि काढताना तुटत नाहीत. धुतल्यावर खाली सरळ जाणारी जाड मुळं कापा, आडवी पसरणारी ठेवा. पाती स्पिरिटने पुसलेली. कापलेल्या तोंडावर बुरशीनाशकाची भुकटी. सावलीत, वारा लागेल तिथे, लहान झाड पाच-सात दिवस, मनगटाएवढ्या मुळांचं दहा-बारा दिवस नुसतं ठेवून द्या. कापलेलं तोंड कोरडं, कडक झालं पाहिजे. मग पूर्वीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर बसवा. एका वेळी जास्त उघडलं तर नव्याने उघड्या पडलेल्या मुळांची साल उन्हात भाजते. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही, दहा दिवस दुपारचं ऊन नाही. लोक इथेच घाई करतात. लावलं की पाणी घालायची सवय हाताला असते.

हातमोजे घाला. चीक विषारी आहे, त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे ग्लायकोसाइड असतात. आफ्रिकेत तो बाणांना लावत. डोळ्याला हात लावू नका. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या वाटेवर टाकू नका.


फुलवेडा
११ मे, रात्री ८:१५

फांदी लावली तर असाच बुंधा होतो का?


कागल_रोड
११ मे, रात्री ८:४०

फांदी जगते, फुलतेही, पण बियांच्या रोपासारखा बसका गोल बुंधा सहसा धरत नाही. म्हणून बुंधा बियांच्या रोपाचा आणि फूल हव्या त्या जातीचं, यासाठी कलम. खोड बोटाएवढं असेल तेव्हा, फेब्रुवारी ते मे. सपाट काप घेऊन दोन्ही तोंडं जुळवा, पट्टीने घट्ट दाबा, वर प्लास्टिकची पिशवी, सावलीत आठ-दहा दिवस. पिशवीत पाण्याचे थेंब सांध्यावर ओघळायला लागले तर कलम काळं पडतं, कोपरा कापून हवा द्या. पावसाळ्यात कलमाच्या नादी लागू नये.


उचगाव_फाटा
१९ जुलै, सकाळी ८:०५

जुना धागा वर काढतोय. बुंधा एका बाजूला मऊ लागतोय, दुसरी बाजू टणक. पानं वरून हिरवी. गेले दहा दिवस छपराखालीच आहे, पाणी बंद आहे. तहानलेलं आहे की कुजतंय?


पन्हाळी_वारा
१९ जुलै, सकाळी ८:४५

एका बाजूला मऊ म्हणजे कुजच समजा. तहानेने बुंधा सगळीकडून सारखा मऊ होतो, सालीवर बारीक सुरकुत्या पडतात, दाबलं तर रबरासारखा परत येतो. पाणी दिलं की दोन-चार दिवसांत भरतो. कुजलेल्या जागी दाबलं तर बोट आत जातं, साल सैल होऊन सरकते, कधी तपकिरी पाणी येतं आणि आंबूस वास सुटतो. पानांवर जाऊ नका, बुंध्यातल्या साठ्यावर ती पंधरा दिवस हिरवी राहतात.

आजच काढा, रविवारची वाट बघू नका. माती झाडून मुळं धुवा. मऊ भाग धारदार सुरीने कापत जा, प्रत्येक कापाला सुरी स्पिरिटने पुसून. आतला गर पांढरा, टणक, कोरडा लागेपर्यंत कापायचं. तपकिरी रेषा किंवा ठिपका दिसला की आणखी एक काप. तिथेच थांबलात तर आठवड्यात पुन्हा पसरतं. अर्धा बुंधा गेला तरी चालेल, वरचा निरोगी भाग नवी मुळं धरतो. पानं बहुतेक सगळी काढून टाका, मुळं नसताना ती पाणी उडवत बसतात.

कापलेल्या जागेवर कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात कालवून दाट लेप. मग सुकवणं, आणि जुलैत खरी अडचण इथेच. या हवेत जखम आपोआप सुकत नाही. घरात, पंख्याखाली, जाळीवर किंवा आडवी काठी लावून टांगून ठेवा, कापलेली बाजू कशालाही टेकू न देता. उन्हाळ्यात जे आठ दिवसांत होतं त्याला आता पंधरा ते वीस दिवस धरा. रोज नखाने टोकून बघा. तोंड लाकडासारखं कडक झालं की कोरड्या जांभ्याच्या तुकड्यांत, खत अजिबात न घालता, नुसतं टेकवून ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत पाणी नाही, दिसल्यावर अगदी थोडं.


उचगाव_फाटा
१९ जुलै, सकाळी ९:३०

काढलं. खालच्या बाजूला माती अजून ओली होती आणि मधोमध तांबड्या मातीचा गोळा आहे.


तांबडा_दगड
१९ जुलै, सकाळी ९:५०

तोच तो नर्सरीचा गोळा. छपराखाली दहा दिवस पाणी बंद ठेवूनही ओला राहतो. तुमच्याकडे त्याच खेपेची आणखी रोपं असतील तर कुंडीतून उचकटून बघा. या दिवसांत मुळं धुऊ नका, गोळा लाकडी काडीने कोरडाच कोरून काढा आणि भोवती जांभा भरा. बाकी काम फेब्रुवारीत.


गच्चीतली_बाग
२२ ऑगस्ट, सायंकाळी ५:२०

एका रात्रीत सगळी पानं गायब, नुसते देठ. खाली काळ्या मोठ्या लेंड्या आहेत.


मुरमाड
२२ ऑगस्ट, सायंकाळी ५:५५

कण्हेरीवरचा सुरवंट. हिरवा, बोटाएवढा, मानेजवळ डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके, शेपटीला छोटं शिंग. जवळ तगर किंवा कण्हेर असेल तर तिथेही असणार. रंग पानाच्या हिरव्यात मिसळतो, संध्याकाळी टॉर्च घेऊन फांदीच्या खालच्या बाजूने बघा. हाताने उचलून टाकणं हाच उपाय, एका झाडावर दोन-तीनच असतात. त्यांच्यासाठी फवारणी करायची गरज नाही. पानं तीन आठवड्यांत परत येतील, पण पानं नसताना पाणी आणखी कमी करा.

कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. पिठ्या ढेकणाला निंबोळी तेल ५ मिली आणि साबणाचे दोन-तीन थेंब लिटरभर पाण्यात, संध्याकाळी. उन्हात तेल मारलं की पानं भाजतात. एप्रिल-मेत पानं धुरकट, खडबडीत दिसली आणि मागे बारीक जाळी असली तर लाल कोळी. तेव्हा पानांच्या मागच्या बाजूला रोज पाणी मारलं तरी बराच फरक पडतो.


उचगाव_फाटा
२७ सप्टेंबर, सकाळी ७:५०

जुलैतल्या झाडाला वर चार फुटवे आलेत. आता बाहेर काढू का?


पन्हाळी_वारा
२७ सप्टेंबर, सकाळी ८:३०

काढा, पण एकदम दिवसभराच्या उन्हात नको. तीन महिने ढगाळ उजेडात राहिलेली साल ऑक्टोबरच्या उन्हात भाजते आणि त्या पांढरट डागाखाली पुन्हा कूज सुरू होते. पहिले चार दिवस सकाळचं ऊन दहापर्यंत, पुढचे चार दिवस बारापर्यंत, मग पूर्ण. मुळं नवी आहेत म्हणून खत या झाडाला दिवाळीनंतर आणि निम्म्या प्रमाणात. इतर निरोगी झाडांना आत्ताच सुरू करा. परतीचा पाऊस दुपारनंतरचा, गडगडाटी असतो. तो वळवासारखाच, त्याची भीती नको.


फुलवेडा
२७ सप्टेंबर, सकाळी ९:१५

आता भरपूर फुलं येतील, पण शेंग कधीच धरत नाही. हाताने परागण कसं करायचं?


कागल_रोड
२७ सप्टेंबर, सकाळी १०:४०

फुलाची नळी एका बाजूने नखाने चिरून उघडा. आत पाच पुंकेसर टोकाला चिकटून शंकूसारखे उभे असतात. पराग त्या शंकूच्या आत वरच्या बाजूला, आणि परागण घेणारा भाग त्याच्याच खाली, म्हणून आपोआप सहसा होत नाही. उमलून एक-दोन दिवस झालेलं फूल घ्या. टोकदार काडीने किंवा अगदी बारीक ब्रशने शंकूच्या आतले पिवळट चिकट पराग उचला, आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात दोन पुंकेसरांच्या मधल्या फटीतून, खालच्या बाजूने आत सरकवून वर ओढा. त्याच झाडाचे पराग बहुधा चालत नाहीत, दोन वेगळी बियांची रोपं हवीत. एकाच कलमाच्या दोन कुंड्या म्हणजे एकच झाड. सकाळी करा, त्या दिवशी फुलावर पाणी पडू देऊ नका.

धरलं तर जोडशेंगा शिंगांसारख्या निघतात. पिकायला दोन ते तीन महिने. रंग फिका पडायला लागला की शेंगेला तीन ठिकाणी दोरा बांधा किंवा जाळीची पिशवी चढवा, कारण फुटली की बिया उडून जातात, दोन्ही टोकांना केसांचे झुबके असतात. रोपं आईसारखीच फुलतील ही अपेक्षा ठेवू नका. ऑक्टोबरात धरलेली शेंग थंडीत पिकते, आणि तेव्हा पेरलं तर निम्मं बी कुजतं. झुबके काढून, सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, फेब्रुवारी संपता संपता पेरा. माती २८ ते ३२ अंश असेल तर तीन ते सात दिवसांत कोंब येतो. मेपर्यंत ठेवलंत तर उगवण बरीच घटलेली असेल.